रविवारचा गणित-भौतिक कट्टा: आठवी ते दहावीच्या जिज्ञासू मुलांसोबत पहिलं वर्ष कसं चालवावं

प्रत्येक शाळेत अशी दोन-चार मुलं असतातच. तास संपतो, बाकीचे डबे उघडतात, आणि ही फळ्यापाशी घुटमळत राहतात. "सर, वजा गुणिले वजा अधिक का होतं? नियम आहे, एवढंच नका सांगू." या मुलांचं पुढे काय होतं, ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. घरच्यांना वाटतं, पोर हुशार आहे, आत्तापासूनच फाउंडेशन बॅचला घालू. मग नववीतच अकरावीची सूत्रं पाठ होतात, शंभर प्रश्न तासाभरात सोडवायची सवय लागते आणि मूळचं ते "का?" कुठे गेलं याची कोणाला आठवणही राहत नाही.

मी एका तालुक्याच्या गावी गेली काही वर्षं दर रविवारी अशा मुलांसोबत बसतो. आपल्या गावात असं काही सुरू करावं असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुम्ही शिक्षक असा, बी.एस्सी. करून घरी असलेली ताई असा, नाहीतर निवृत्त इंजिनिअर असा. दहावीचं बीजगणित नीट येत असेल आणि एका प्रश्नावर दोन तास थांबायची तयारी असेल, तर सुरुवात करता येते.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: पुढच्या इयत्तेचा अभ्यासक्रम आधी उरकायचा नाही. मोठ्या गणित-भौतिकात दोनच गोष्टी नव्या असतात. एक, गणितात 'नेहमीच असं होतं का?' हा प्रश्न आणि त्याची सिद्धता. दोन, भौतिकशास्त्रात 'हे माप कितपत खरं?' हा प्रश्न. या दोन्ही गोष्टी आठवीतल्या मुलाला आठवीच्याच हत्यारांनी करता येतात.

मुलं कशी शोधायची

मार्कांची यादी मागू नका. पहिल्या पाचांत येणारी मुलं बरेचदा उत्तम असतात, पण उत्तर चटकन आलं नाही की त्यांना अस्वस्थ वाटतं, आणि इथे उत्तर चटकन येणारच नाही. शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर एक प्रश्न लिहा, शेजारी खोक्याची पेटी ठेवा आणि आठवडाभर थांबा. मी हा प्रश्न लिहितो: "सलग पाच संख्यांची बेरीज नेहमी ५ ने भागली जाते. सलग चार संख्यांची बेरीज ४ ने का भागली जात नाही?"

चिठ्ठ्या तीन तऱ्हेच्या येतात. काहींत फक्त उदाहरणं असतात: १+२+३+४=१०, २+३+४+५=१४, नाही जात. काहींत बीजगणित असतं: पहिली संख्या न मानली तर बेरीज ४न+६, म्हणून बाकी नेहमी २. आणि एक-दोन चिठ्ठ्यांत उत्तर अर्धवट असतं, पण खाली लिहिलेलं असतं, "मग सहाचं काय? सातचं जमतंय." ही तिसरी मुलं आधी बोलवा. दुसरीही बोलवा. पहिल्या तऱ्हेच्या मुलांना पुढच्या आठवड्यात आणखी एक प्रश्न द्या, त्यातली काही नक्की येतात.

आठ ते बारा मुलं पुरेत. पंधराच्या वर गेलात की तो वर्ग होतो, आणि वर्ग झाला की मुलं गप्प बसतात.

वेळ, जागा, वही

रविवारी सकाळी दहा ते बारा. संध्याकाळची वेळ ठरवलीत तर वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुली पहिल्या महिन्यातच गळतील, म्हणून एसटीचं वेळापत्रक बघून वेळ ठरवा. शाळेची एक खोली, मोठा फळा आणि मागे थोडी मोकळी जागा, एवढं बास. फी ठेवू नका.

प्रत्येकाची एक दोनशेपानी वही, पानावर तारीख. खोडरबर बंद. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. सहा महिन्यांनी मूल ती पानं उलटतं तेव्हा आपण कुठे अडलो होतो ते त्याला स्वतःलाच दिसतं. वहीचा हा नियम मी कधीच सैल करत नाही.

पहिला रविवार: कापरेकरांची संख्या

सुरुवात दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांपासून करा. १९०५ मध्ये डहाणूला जन्म, पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, आणि नंतर नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी संख्यांचे जे गुण शोधले, ते आज जगभर त्यांच्या नावानं ओळखले जातात. आपल्यासारख्याच एका गावात, एका मास्तरानं वहीत हे मांडलं, हे मुलांना कळलं की त्यांच्या बसण्यात फरक पडतो.

सगळ्यांना सांगा: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. जे येईल त्याचं पुन्हा तेच करा. दहा मिनिटांत खोलीत गलका होतो, कारण प्रत्येकाचं गाडं ६१७४ वर येऊन अडकतं. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. १९४९ मध्ये कापरेकरांनी हे मांडलं.

बरेच जण इथेच टाळ्या वाजवून थांबतात. तुम्ही थांबू नका, खरं काम आता सुरू होतं. विचारा: "बारा जणांनी बारा संख्या घेतल्या. एकूण नऊ हजार आहेत. उरलेल्यांचं काय?"

चार अंकांवर लगेच हल्ला करू नका, तीन अंकांवर या. तीन अंकांतही असंच होतं, सगळे ४९५ वर येतात. आता सिद्धता. अंक अ, ब, क मानू, अ सर्वांत मोठा, क सर्वांत लहान. मोठी संख्या १००अ+१०ब+क, लहान १००क+१०ब+अ. वजा केलं की ब उडून जातो आणि उरतं ९९×(अ−क). मधल्या अंकाचा काही संबंधच उरत नाही! हे फळ्यावर तुम्ही लिहू नका. एखाद्या मुलाला लिहू द्या, वीस मिनिटं लागली तरी चालतील.

अ−क ची किंमत १ ते ९ मधलीच काहीतरी असणार. म्हणजे कुठलीही संख्या घ्या, पहिल्या पायरीनंतर नऊच शक्यता उरतात: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. नऊही तपासा. ०९९ वरून ८९१, तिथून ७९२, मग ६९३, ५९४ आणि ४९५. बाकीच्याही याच रांगेत कुठेतरी येऊन मिळतात. झाली सिद्धता. शेकडो संख्यांबद्दलचं विधान नऊ ओळींत संपलं, आणि यात आठवीबाहेरचं काहीही वापरलं नाही.

इथे एक भांडण हमखास होतं. एखादं मूल २११ घेतं, ११२ वजा करतं, ९९ लिहितं आणि पुढे ९९ मधून ९९ वजा करून शून्य मिळवतं. "सर, माझं तर मोडलं." त्याला चूक म्हणू नका. पुढचं शून्य धरायचं की नाही, हे आपण ठरवलंच नव्हतं. ०९९ लिहायचं असं ठरवलं तरच विधान खरं आहे. व्याख्या नेमकी का लागते, हे या एका शून्यानं जेवढं पटतं तेवढं दुसऱ्या कशानं पटलेलं मी पाहिलेलं नाही.

घरी करायला चार अंक द्या. तिथे वजाबाकी ९९९×(अ−ड)+९०×(ब−क) येते आणि तपासायच्या शक्यता ५४ होतात. सहा मुलांनी वाटून घेतल्या तर प्रत्येकी नऊ. पुढच्या रविवारी ५४ चिठ्ठ्या बाणांनी जोडून भिंतीवर लावा. मुलांच्या हातून झालेला तो एक पूर्ण, खरा शोध असतो, कापरेकरांनी आधी केलेला असला तरी.

दुसरा ते पाचवा रविवार: गोटी, विषम संख्या आणि डेरिव्हेटिव्ह

आता भौतिकशास्त्र. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरिंगची केसिंग पट्टी मिळते, तिचं झाकण काढलं की दोन मीटरची सरळ खाच तयार. एक टोक चार सेंटिमीटर उचला, दोन वह्या पुरतात. खाली बाक हवं, नाहीतर पट्टी मधे झोळ खाते आणि सगळी मापं बिघडतात. वरून काचेची गोटी सोडा, ढकलू नका. उतार एवढा कमी ठेवला की खालपर्यंत जायला पाचेक सेकंद लागतात.

मोबाईलवर दर सेकंदाला टिक वाजणारं ॲप लावा. प्रत्येक टिकला गोटी जिथे असेल तिथे रबरबँड सरकवायचं. एक मूल एकच रबरबँड सांभाळतं, गोटी पुन्हा पुन्हा सोडतात, आणि टिक आणि गोटीची भेट जमेपर्यंत रबरबँड मागेपुढे करतात. एवढ्याला तास जातो. जाऊ द्या. गॅलिलिओकडे तर घड्याळही नव्हतं, तो भांड्यातून बारीक धारेनं पडणारं पाणी तोलून वेळ मोजायचा.

आमच्या एका गटाची मापं अशी आली: पहिल्या सेकंदात ७ सेंटिमीटर, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ३७, चौथ्यात ४८. सात ने भागलं तर १, २.९, ५.३, ६.९. मुलं बघत बसतात. मग कोणीतरी हळूच म्हणतं, "एक, तीन, पाच, सात?" ते तुम्ही आधी म्हणायचं नाही, कितीही जिभेवर आलं तरी. आणि म्हटल्यानंतर लगेच विचारायचं: "मग ५.३ का आलं?" रबरबँड एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तर आकडा किती हलतो, ते त्यांनाच काढू द्या. मापाला चिकटलेली ही शंका पुढे कायम लागते.

तिसऱ्या रविवारी विषम संख्या कागदावर. एक ठिपका काढा. त्याच्याभोवती काटकोनात ३ ठिपके, मग ५, मग ७. दरवेळी चौरस पुरा होतो. १+३=४, १+३+५=९, १+३+५+७=१६. का? कारण प्रत्येक नवी काटकोनी पट्टी आधीच्या चौरसाच्या दोन बाजू आणि एक कोपरा घेते. म्हणजे गोटीनं कापलेलं एकूण अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात आहे. ठिपक्यांचं चित्र आणि केसिंग पट्टी एकच गोष्ट सांगताहेत, हे मुलांच्या लक्षात येतं त्या क्षणासाठी मी हा कट्टा चालवतो.

चौथ्या रविवारी प्रश्न: तीन सेकंद झाले त्या नेमक्या क्षणी गोटीचा वेग किती? पहिल्या सेकंदातलं अंतर एक एकक धरलं तर त सेकंदांत अंतर त². ३ ते ४ सेकंदांत सरासरी वेग ७. ३ ते ३.५ मध्ये ६.५. ३ ते ३.१ मध्ये ६.१. ३ ते ३.०१ मध्ये ६.०१. हे आकडे मुलांनी कॅल्क्युलेटरवर स्वतः काढायचे. मग थोडंसं बीजगणित: वेळेतली वाढ ह धरली, तर (३+ह)² मधून ९ वजा करून ह ने भागलं की ६+ह उरतं. ह लहान होत गेला की वेग ६ कडे जातो. तीनच्या जागी कुठलाही त घेतला तर २त.

हेच डेरिव्हेटिव्ह, हे मी शेवटी सांगतो, आणि एकदाच सांगतो. अकरावी-बारावीत सूत्र म्हणून भेटणारी ही गोष्ट त्यांना गोटीच्या मागे धावत सापडलेली असते.

एखादी मुलगी नक्की विचारते: "सर, ह शून्य केला तर आधी शून्यानं भागल्यासारखं झालं ना? आणि केला नाही, तर ६ नेमकं कुठून आलं?" हा आक्षेप १७३४ मध्ये बिशप बर्कलीनं न्यूटनच्या पद्धतीवर घेतला होता आणि त्याचं समाधानकारक उत्तर द्यायला गणितज्ञांना एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. त्या मुलीला हे सांगा. तिचा प्रश्न किती मोठा आहे, ते तिला कळायला हवं. पाचवा रविवार पूर्ण त्या प्रश्नाला द्या: '६ च्या हवं तितकं जवळ जाता येतं' म्हणजे काय? एक जण म्हणतो "मला ०.००१ च्या आत आणून दाखव", दुसरा ह किती घ्यायचा ते सांगतो. हा खेळ मुलं आवडीनं खेळतात, आणि लिमिटची व्याख्या त्यातच आहे.

लंबक: चूक मोजायला शिकणं

एक मीटर दोरा, खाली नट बांधलेला, वर दाराची कडी. एक पूर्ण झोका, जाऊन परत येईपर्यंतचा, मोजा म्हटलं की वेगवेगळ्या मुलांचे आकडे १.८ ते २.२ सेकंदांच्या मधे कुठेही येतात, कारण बोट दाबायलाच ०.२ सेकंदांपर्यंत इकडेतिकडे होतं. त्यावरून गुरुत्वत्वरण काढा: एकाचं ८.२ येतं, दुसऱ्याचं १२.२. दहावीच्या पुस्तकात ९.८ छापलेलं असतं, त्यामुळे ज्याचं ९.८ च्या जवळ आलं तो खूश आणि बाकीचे आपली वही झाकतात.

वही झाकू देऊ नका. आता वीस झोके सलग मोजा आणि वीसनं भागा. बोटाची चूक तेवढीच, पण ती वीस झोक्यांत वाटली गेली, प्रत्येकाच्या वाट्याला ०.०१ सेकंद. आवर्तकाल, म्हणजे एका झोक्याचा वेळ, २.०१ आला तर उत्तर ९.७७. फळ्यावर नुसतं ९.७७ लिहू नका, "९.७७, कमीजास्त ०.१" असं लिहायला लावा. आकड्यासोबत त्याची खात्री लिहिणं, हे एवढं एक मूल शिकलं तरी ते पुढच्या कुठल्याही प्रयोगशाळेत पाय रोवून उभं राहील.

मोबाईलचे सेन्सर वापरून मापं घेणारं फायफॉक्स हे मोफत ॲप आहे, त्यानं लंबक आणखी बारकाईनं मोजता येतो. पण ते नंतर. आधी बोट आणि घड्याळ.

दिवाळीनंतर: करणीतून भास्कराचार्यांकडे

नववीच्या 'वास्तव संख्या' प्रकरणात करणी, म्हणजे √२ सारख्या संख्या, येते, आणि मुलांना ती नुसती कवायत वाटते. तिचा खरा उपयोग दाखवायचा तर हा प्रश्न द्या: अशी संख्या शोधा की तिच्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवला तर पूर्ण वर्ग येतो. २ चालते, कारण २×४+१=९. नुसतं शोधत गेलं तर पुढची १२ सापडते, २×१४४+१=२८९, म्हणजे १७ चा वर्ग. तिच्यापुढची शोधताना मुलं थकतात. तेव्हा म्हणा, (३+२√२) चा वर्ग काढा. १७+१२√२! पुन्हा ३+२√२ ने गुणा: ९९+७०√२. आणि खरंच, २×४९००+१=९८०१, ९९ चा वर्ग. करणीचा गुणाकार म्हणजे उत्तरं जन्माला घालणारं यंत्र निघालं. ते असं का चालतं, हे दोन रविवारांचं काम आहे. जाता जाता १७/१२, ९९/७०, ५७७/४०८ हे अपूर्णांक √२ च्या किती जवळ जातात तेही बघून घ्या.

मग दोनच्या जागी ६१ घ्या आणि काही न बोलता मुलांना शोधू द्या. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे. एकेक संख्या तपासत गेलं तर जन्म पुरणार नाही, पण ११५० मध्ये भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीनं ते काढून दाखवलं होतं. फ्रेंच गणितज्ञ फर्मानं युरोपातल्या गणितज्ञांपुढे हाच ६१ ठेवला तो १६५७ मध्ये. चाळीसगावजवळ पाटण्याला १२०७ सालचा एक शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. खानदेशातल्या कट्ट्यांनी तिथे एकदा मुलांना जरूर न्यावं.

उन्हाचे दोन प्रयोग

छोट्या आरशावर काळा कागद चिकटवा, त्याला पाच मिलिमीटरचं भोक पाडा आणि सूर्याचा कवडसा दहा मीटर लांब अंधाऱ्या भिंतीवर पाडा. भोक चौकोनी पाडलं तरी कवडसा गोलच पडतो, आणि साधारण ९ सेंटिमीटरचा. तो भोकाचा आकार नाही, सूर्याचं चित्र आहे. समरूप त्रिकोण दहावीत आहेतच: सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे हे धरलं की त्याचा व्यास १४ लाख किलोमीटरच्या आसपास मिळतो. सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे प्रत्येक वेळी, प्रत्येक मुलाला बजावा.

दुसऱ्या प्रयोगाला लांबचा एक मित्र लागतो. समजा तुम्ही कोल्हापुरात आहात आणि जळगावात कोणी असाच गट चालवतं. एकाच दिवशी दोन्हीकडे मीटरपट्टी ओळंब्यानं उभी करा आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजा. २१ मार्चच्या आसपास कोल्हापूरला ती सुमारे ३० सेंटिमीटर असेल, जळगावला ३८. त्यातून दोन्हीकडचे कोन काढले की फरक ४.३ अंशांच्या आसपास येतो, आणि तेवढ्या अंशांना दोन गावांमधलं अंतर, तर ३६० अंशांना किती, या त्रैराशिकानं पृथ्वीचा घेर मुलांच्या हातात. फक्त अंतर एसटीच्या तिकिटावरचं घेऊ नका, नकाशावर पट्टी ठेवून सरळ दक्षिण-उत्तर मोजा, ते ४८० किलोमीटरच्या जवळपास येतं. आणि अक्षांशांवरून तर अंतर मुळीच काढू नका, त्यात घेर आधीच धरलेला असतो. ही लबाडी नकळत होते, मुलांना ती पकडायला शिकवा.

भाषा

आपल्याकडे काही मुलं मराठी माध्यमाची, काही सेमीची. मी दोन्ही शब्द बोलतो: सिद्धता, प्रूफ. त्वरण, ॲक्सलरेशन. विचार मात्र मराठीतच चालू द्या. मूल अडलं की म्हणा, "घरी आईला सांगतोस तसं सांग." सेमीच्या मुलाला इंग्रजी वाक्य जुळवायचं ओझं उतरलं की कल्पना धडाधड बाहेर पडतात. लिहिताना चिन्हं सगळीकडे सारखीच असतात, त्यामुळे अकरावीत माध्यम बदललं तरी फार अडत नाही.

परीक्षा आणि पालक

पालक विचारणारच: याचा मार्कांना उपयोग काय? खरं ते सांगा. दहावीच्या मार्कांत लगेच फरक दिसेलच असं नाही. आठवड्याचे दोन तास जातील. दहावीच्या मुलांनी दिवाळीपर्यंत यावं, पुढे त्यांच्या इच्छेवर सोडावं. एवढं सरळ बोललं की पालक विश्वास ठेवतात.

ज्या मुलांना स्पर्धेची ओढ आहे त्यांना वाट दाखवा, सगळ्यांना ढकलू नका. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी आयओक्यूएम: तीन तास, तीस प्रश्न, आठवीपासून बसता येतं. मग प्रादेशिक, मग राष्ट्रीय फेरी. विज्ञानात दहावीपर्यंतच्या मुलांसाठी एनएसईजेएस ही परीक्षा आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला दोन दिवसांत फक्त सहा प्रश्न असतात, रोज साडेचार तास. हे मी मुद्दाम पालकांना सांगतो. तासाला शंभर प्रश्न सोडवणं म्हणजेच हुशारी असं मानणाऱ्यांना तो आकडा विचारात पाडतो.

आणि पुढे काय, असं कोणी विचारलं तर इंजिनिअरिंग आणि मेडिकल सोडूनही दारं आहेत हे सांगा: पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, बंगळुरूला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा बी.मॅथ. कित्येक घरांत ही नावं पहिल्यांदाच ऐकली जातात.

वर्षातून एक सहल

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. तिथे मुलांनी विचारायचे प्रश्न आधीच्या रविवारी वहीत लिहून घ्या, नाहीतर सहल फोटोंत संपते. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथली टाकाऊतून बनवलेली खेळणी पाहून मुलं घरी येऊन स्वतः काहीतरी करू लागतात. पुण्याजवळ राहणाऱ्यांनी भास्कराचार्य प्रतिष्ठानातही चौकशी करावी. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये ते सुरू केलं, आणि शाळकरी मुलांना गणिताची गोडी लावण्याचं काम तिथे मनापासून होतं.

तुम्हाला उत्तर येत नाही तेव्हा

असं होणारच, आणि पहिल्या महिन्यातच होणार. तेव्हा "माहीत नाही, आपण शोधू" असं म्हणा, प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहा आणि तो पुसू नका. आमच्याकडे त्या चौकटीत काही प्रश्न दोन-दोन वर्षं राहिले आहेत.

पहिल्याच वर्षी मी चूकही केली. तीन अंक ४९५ वर, चार अंक ६१७४ वर, तेव्हा पाच अंकांतही अशीच एखादी संख्या असणार, असं मी बोलून गेलो. पुढच्या रविवारी आठवीतली एक मुलगी वही घेऊन आली. तिनं ५३९५५ घेतली होती: ९५५५३ मधून ३५५५९ वजा, ५९९९४. पुन्हा केलं: ९९९५४ मधून ४५९९९ वजा, ५३९५५. "सर, हे एकावर थांबतच नाही. दोघांत फिरत बसतं." मी फळ्यावर करून पाहिलं, तिचं बरोबर होतं. माझं विधान मी सगळ्यांसमोर एका रेघेनं खोडलं, खाली तिचं उदाहरण तारखेसह लिहिलं आणि खडू तिच्या हातात दिला.

तिनं चौकटीत पुढचा प्रश्न लिहिला: "सहा अंकांत काय होतं?" दर जूनमध्ये नवीन मुलं आली की पाच अंकांची ही गोष्ट सांगून झाल्यावर तोच प्रश्न मी फळ्यावर लिहितो, आणि उत्तर सांगत नाही.